हलका लॅपटॉप : निवड आणि निगा

घरांत नवी वस्तु आणावयाची म्हटली कीं पूर्वीं ती सर्वांच्या नजरेखालून जात असे. तांब्याचा बंब असो, शिवणाचें यंत्र असो कीं रेडिओ असो, आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकजण त्याविषयीं चार शब्द बोलल्यावांचून राहात नसे, आणि त्या चार शब्दांतून कांहींना कांहीं व्यवहारज्ञान निघत असे. लॅपटॉपचें मात्र तसें होत नाहीं. "तें मुलांना कळतें" असें म्हणून वडीलधारी मंडळी अंग काढून घेतात. मुलें दुकानांत जाऊन यंत्र दोन बोटांनीं उचलून पाहतात, "किती हलकें!" म्हणतात आणि घेऊन येतात. साठ-सत्तर हजारांची, कधीं लाखाच्याही वरची वस्तु अशा रीतीनें, तिचें अंतरंग कोणीही न विचारतां, घरांत येते. आमच्याही घरीं असेंच घडलें, आणि त्याचें फळ सन २०२३ च्या गणपतींत आम्हांस भोगावें लागलें. तो अनुभव व त्यापासून मिळालेला बोध इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

माझी सून चार्टर्ड अकाउंटंट आहे. व्यवसाय तिचा स्वतःचा. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर असा महिन्यांतून दोनतीनदां तिचा प्रवास होई, आणि जुन्या अडीच किलोच्या लॅपटॉपनें व त्याच्या विटेएवढ्या चार्जरनें तिचा खांदा दुखूं लागला होता. म्हणून २०२० सालीं तिनें सव्वा किलोच्याही आंतलें, अगदीं चपटें असें एक यंत्र घेतलें. तें सुरू करून देण्याचें काम माझ्या पुतण्यानें केलें. तो त्या वेळीं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि घरांतील मोबाईल, टीव्ही, वाय-फाय या सर्वांचा तोच वैद्य होता.

पहिलीं दोन वर्षें सुखाचीं गेलीं. तिसऱ्या वर्षीं यंत्र तापूं लागलें, आंतला पंखा घोंघावूं लागला, बोट फिरवावयाचा टचपॅड दाबतांना घट्ट लागूं लागला, आणि टेबलावर ठेवलें असतां यंत्र किंचित् डुगडुगूं लागलें. "नाना, सप्टेंबर एकदां संपूं द्या, मग दाखवूं," असें ती म्हणे, व मीही मान डोलवीत असें. मी विजेच्या यंत्रांत जन्म घालविलेला मनुष्य. त्या डुगडुगण्याचा अर्थ मला तरी कळावयास हवा होता! गौरीपूजनाच्या दिवशीं, २२ सप्टेंबरला, दुपारची पंगत उठल्यावर ती माडीवर कामाला बसली, आणि यंत्र सुरूच होईना. लेखापरीक्षणाचे अहवाल भरण्याची मुदत ३० तारखेची. अकरा व्यापाऱ्यांचे हिशेब त्या यंत्रांत होते, आणि त्यांची दुसरीकडे ठेवलेली शेवटची प्रत जून महिन्यांतली होती.

दुरुस्ती करणाऱ्यानें पाहून सांगितलें कीं, मदरबोर्ड निकामी झाला आहे, बॅटरी फुगली आहे, व दोन्ही बदलावीं लागतील. माहिती साठविणारी एसएसडी तेवढी सुटी असल्यामुळें शाबूत आहे. आम्हीं सुटकेचा श्वास टाकला. चार दिवसांनीं यंत्र दुरुस्त होऊन आलें, सुरूही झालें, आणि निळ्या पडद्यावर त्यानें अठ्ठेचाळीस आंकड्यांची एक किल्ली मागितली. ही किल्ली कोणती व कोणापाशीं आहे, हें घरांतल्या एकालाही ठाऊक नव्हतें. त्या किल्लीचें पुढें काय झालें तें यथास्थळीं सांगेनच. प्रथम निवडीचा विचार करूं. कारण आमच्या चुकीचा आरंभ तेथेंच झाला होता.

हलकेपणा कोठून येतो?

बरोबर नेतां येईल असा व्यवसायोपयोगी संगणक म्हणून १९८१ सालीं अमेरिकेंत ‘ऑसबोर्न-१’ नांवाचें यंत्र विक्रीस आलें. त्याचें वजन सुमारें अकरा किलो होतें व पडदा अवघा पांच इंचांचा. तेथपासून सत्तावीस वर्षांनीं, जानेवारी २००८ मध्यें, अॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनीं भर सभेंत कागदी पाकिटांतून ‘मॅकबुक एअर’ हा लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. त्याचें वजन १.३६ किलो होतें. २०१२ सालीं लेनोवोनें आपल्या थिंकपॅड मालिकेंत ‘एक्स-१ कार्बन’ हें हलकें यंत्र आणलें. आज एक ते सव्वा किलोचे चांगले लॅपटॉप सर्व मोठ्या कंपन्यांकडे मिळतात.

अकरा किलोंचा एक किलो झाला, तो कशामुळें? कांहीं वजन खरोखरच शास्त्राच्या प्रगतीनें गेलें. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कच्या जागीं न फिरणारी एसएसडी आली. लोखंडी व जाड प्लॅस्टिकच्या कवचाच्या जागीं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियमचे मिश्रधातु व कार्बनचे तंतु आले. लिथियमच्या बॅटरीनें जुन्या जड बॅटऱ्यांस रजा दिली. परंतु कांहीं जाडी व वजन मात्र आपणांकडून कांहींतरी काढून घेऊन कमी केलें आहे. पूर्वीं रॅमची पट्टी खांचेंत बसविलेली असे. ती काढून मोठी घालतां येई. पुष्कळशा चपट्या यंत्रांत आतां ती खांचच नसते. रॅम मदरबोर्डावर डाख देऊन कायमची जोडलेली असते. कित्येकांत एसएसडीही अशीच जोडलेली असते. बॅटरी पूर्वीं बाहेरून खटका दाबून निघे. आतां ती कवचाच्या आंत स्क्रूंनीं किंवा चिकटपट्टीनें बसविलेली असते.

म्हणून हलकें यंत्र घेतांना जो विचार करावयाचा, तो याच एका सूत्रावर करावा : जें मागाहून बदलतां येणार नाहीं त्यावर आधीं पैसे खर्चावे, आणि जें मागाहून बदलतां येईल त्यांत काटकसर करावी. आमच्या सुनेच्या यंत्रांत आठ जीबी रॅम होती, आणि ती डाख दिलेली. दोन वर्षांत हिशेबाचीं सॉफ्टवेअरें वाढलीं, एकाच वेळीं वीस वीस पानें उघडीं ठेवावीं लागूं लागलीं, आणि रॅम अपुरी पडूं लागली. ती वाढविण्याचा मार्गच नव्हता. खरेदीच्या वेळीं पांचसात हजार अधिक दिले असते, तर सोळा जीबीचें यंत्र मिळत होतें.

घेतांना काय पाहावें?

वजन पाहतांना चार्जरसह पाहावें. दुकानांत यंत्र हातांत देतात, चार्जर खोक्यांत असतो. परंतु खांद्यावर दोन्ही येतात. आतां बहुतेक चांगलीं हलकीं यंत्रें टाइप-सी पद्धतीच्या पासष्ट वॅटच्या लहान चार्जरवर चालतात, आणि तोच चार्जर मोबाईललाही उपयोगीं पडतो. चौदा इंचांचा पडदा व सव्वा किलोच्या आसपास वजन हा प्रवास आणि काम यांचा सुवर्णमध्य आहे. केवळ शंभर ग्रॅम वांचविण्यासाठीं तेरा इंचांवर उतरणें, आंकड्यांचे तक्ते रोज पाहणाऱ्या डोळ्यांस मानवत नाहीं.

रॅम सोळा जीबीपेक्षां कमी घेऊं नये. एसएसडी पांचशे बारा जीबी पुरते. पण ती ‘एम-डॉट-टू’ पद्धतीची, म्हणजे स्क्रू काढून बदलतां येणारी आहे कीं नाहीं, हें आवर्जून विचारावें. आमचे हिशेब वांचले ते या एकाच गोष्टीमुळें. एसएसडी बोर्डालाच जोडलेली असती, तर नवा बोर्ड आला असता आणि हिशेब जुन्या बोर्डाबरोबर गेले असते.

पडदा न चमकणारा, म्हणजे खिडकीचें प्रतिबिंब न पाडणारा असावा, व त्याची उजळता तीनशे ‘निट’ तरी असावी. आगगाडींत किंवा दिवाणखान्यांत उजेडांत बसून काम करणारास चारशे बऱ्या. कीबोर्डाची परीक्षा दुकानांतच करावी. उभ्यानें चार कळा दाबून न पाहतां खुर्चीवर बसून पानभर मजकूर लिहून पाहावा. घरांत कोणी मराठी लिहिणारें असेल तर इनस्क्रिप्टची मराठी योजना विंडोजमध्यें मूळचीच असते. तिच्यासाठीं वेगळें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं.

यानंतर बाजूचीं तोंडें पाहावींत. पुष्कळ चपट्या यंत्रांस केवळ दोन टाइप-सी तोंडें असतात. वकील, अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी यांना डिजिटल सहीचा जो टोकन लागतो, तो बहुधा जुन्या रुंद यूएसबी तोंडाचाच असतो. तें तोंड यंत्रास नसेल, तर जोडणीचा तुकडा बाळगावा लागतो आणि नेमका मुदतीच्या दिवशीं तो सांपडत नाहीं. निदान एक रुंद यूएसबी, एक एचडीएमआय आणि दोन टाइप-सी तोंडें असलेलें यंत्र व्यवसायास सोयीचें.

आतां महत्त्वाचा मुद्दा. कंपन्या दोन प्रकारचीं यंत्रें काढतात. घरगुती वापराचीं व कचेरीच्या वापराचीं. लेनोवोची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक, डेलची लॅटिट्यूड व तिच्या जागीं २०२५ सालीं आलेली डेल प्रो, हीं दुसऱ्या प्रकारचीं उदाहरणें होत. तीं दिसण्यांत साधीं व किंमतींत चढीं असतात. परंतु त्यांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनी उघड प्रसिद्ध करते. बॅटरी, पंखा, कीबोर्ड हे सुटे भाग वर्षानुवर्षें मिळतात. आणि तीन वर्षांची, कारागीर घरीं येऊन दुरुस्त करील अशी वॉरंटी घेतां येते. वॉरंटी घेतांना बॅटरीची मुदत निराळी विचारावी. यंत्राची तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदां एकच वर्षाची असते. व्यवसायासाठीं यंत्र घेत असाल तर बिल जीएसटी क्रमांकासह पेढीच्या नांवानें घ्यावें, व बिलावर यंत्राचा क्रमांक लिहिला आहे कीं नाहीं तें तेथेंच ताडून पाहावें.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनीं नव्या पण हलक्या प्रतीच्या यंत्रापेक्षां कचेऱ्यांतून तीन-चार वर्षें वापरून निघालेलें व नीट केलेलें कचेरीच्या प्रकारचें यंत्र घेणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. मात्र एक पथ्य पाळावें. विंडोज-१० ची नेहमींची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली; आणि विंडोज-११ ला टीपीएम-२ नांवाची सुरक्षेची चिप व, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणपणें आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनें यंत्र कितीही स्वस्त मिळालें तरी व्यवसायासाठीं घेऊं नये.

अनेक घरांतून मुलगा वा जावई परदेशांतून येतांना लॅपटॉप घेऊन येतो. त्याचा चार्जर बहुतकरून शंभरापासून दोनशें चाळीस व्होल्टपर्यंत चालणारा असतो, म्हणून केवळ भिंतीकडील वायर बदलली कीं काम भागतें. परंतु ती वॉरंटी हिंदुस्थानांत चालते कीं नाहीं, हें खरेदीपूर्वीं त्याला विचारावयास सांगावें. विमानांत बॅटरी शंभर वॅट-तासांच्या आंतली असल्यास विनापरवाना नेतां येते. हलक्या यंत्रांच्या बॅटऱ्या साधारणतः पन्नास ते साठ वॅट-तासांच्या असतात, तेव्हां ती चिंता नको.

बिघाड झाल्यास

यंत्र बंद पडलें कीं घरांत एकच धांवपळ उडते, आणि त्या धांवपळींत जें करूं नये तें आधीं होतें. म्हणून क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम माहिती वांचवावी, मग यंत्र वांचवावें. यंत्र अजून अडखळत कां होईना पण चालत आहे, तोंवरच महत्त्वाचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

यंत्र सुरूच होत नसेल, तर प्रथम भिंतीचें बटण व प्लग पाहावा. हंसण्यासारखी गोष्ट असली तरी पुष्कळदां दोष तेथेंच असतो. मग दुसरा योग्य वॅटचा चार्जर लावून पाहावा. तेवढ्यानें न भागल्यास चार्जर काढून सुरू करण्याचें बटण तीस सेकंद दाबून धरावें, सोडावें, पुन्हां चार्जर जोडून दहापंधरा मिनिटें थांबावें व मग सुरू करावें. अगदीं रिकामी झालेली बॅटरी लगेच प्रतिसाद देत नाहीं. तिला थोडा अवधि लागतो.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळा, असें असल्यास यंत्र एचडीएमआयच्या वायरनें टीव्हीस जोडावें. टीव्हीवर चित्र आलें तर आंतलें यंत्र धड आहे. दोष पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा. काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च धरून पाहावा. अंधुक चित्र दिसलें तर पडदाही जिवंत आहे, केवळ त्याच्या मागचा उजेड गेला आहे. एवढें सांगतां आलें तरी दुरुस्ती करणारा आपणांस अज्ञानी समजून भलताच खर्च सांगत नाहीं.

यंत्र तापत व मंदावत असेल, तर तें कोठें ठेवून काम चालतें तें आधीं पाहावें. गादी, दुलई, उशी यांवर ठेवल्यानें खालचीं हवेचीं छिद्रें बंद होतात. यंत्र तापलें कीं स्वतःचा बचाव करण्यासाठीं तें आपली गति आपणच कमी करतें, आणि आपण त्यास "जुनें झालें" म्हणतों. वर्षांतून एकदां, यंत्र पूर्ण बंद करून, पंख्याच्या जाळींतील धूळ हवेच्या लहान झोतांनीं काढावी. झोत देतांना पंखा फिरूं देऊं नये. धूळ नसतांही मंद असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत रॅम सतत नव्वद टक्क्यांवर असेल तर दोष यंत्राचा नसून खरेदीचा आहे असें समजावें.

वाय-फाय चालत नसेल तर त्याच जागीं मोबाईलवर चालतें काय, हें पाहावें. मोबाईलवरही नसेल तर दोष राउटरचा. असेल तर लॅपटॉपचा. घाईच्या वेळीं मोबाईल वायरनें लॅपटॉपला जोडून त्याचें इंटरनेट वापरतां येतें. मुदतीच्या दिवशीं एवढी माहिती घरांतील दोघांना तरी असावी.

धातूच्या कवचाच्या यंत्रास हात लावतांच बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ बायका करतात व पुरुष ती हंसण्यावारी नेतात. ती खरी असते. चार्जरचा तीन कांट्यांचा प्लग दोन कांट्यांच्या तुकड्यांतून लावला असेल, किंवा घरांतील अर्थिंग सदोष असेल, तर असें होतें. तीन कांट्यांचा प्लग नीट अर्थिंग असलेल्या जागीं लावावा. तरीही झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलावून घरचें अर्थिंग तपासावें. हा दोष दाखविल्याबद्दल लॅपटॉपचे आभारच मानावे.

चहा किंवा पाणी सांडलें तर क्षणाचाही विलंब न लावतां चार्जर काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावें व तें उलटें, तंबूसारखें, उभें करावें. चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें पुन्हां सुरू करूं नये. यंत्राचा प्राण बहुधा त्या पाहण्यांतच जातो. तांदुळाच्या डब्यांत ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. तांदूळ आंतलें पाणी खेंचून घेत नाहीं, उलट त्याचें पीठ आंत जातें. सरळ कारागिराकडे न्यावें.

शेवटीं बॅटरी. जेथें यंत्र दिवसभर चार्जरलाच असतें तेथें कंपनीच्या सॉफ्टवेअरांतून चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवावी. उष्णता आणि सतत भरलेली अवस्था या दोहोंनीं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. टचपॅड वर येणें, तो दाबतांना घट्ट लागणें, झांकण नीट न मिटणें, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगणें, हीं बॅटरी फुगल्याचीं चिन्हें होत. हीं दिसलीं कीं चार्जर काढावा, यंत्र बंद करावें, आणि त्या दिवसापासून वापर थांबवावा. फुगलेल्या भागास टोंचूं नये, दाबूं नये. तीस आग लागूं शकते. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यांत टाकूं नये; ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रास द्यावी. आमच्या माडीवर उशापाशीं तशी बॅटरी तीन महिने चार्ज होत होती, हें आठवलें कीं अजूनही मला झोंप येत नाहीं.

किल्ली आणि प्रत

आतां त्या अठ्ठेचाळीस आंकड्यांकडे वळूं. आजकालच्या विंडोजच्या लॅपटॉपांत आंतली माहिती पुष्कळदां कुलुपबंद असते. ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हें त्या कुलपाचें नांव. लॅपटॉप चोरीस गेला तर चोरास कागद वाचतां येऊं नयेत, हा त्याचा हेतु. व तो अगदीं योग्य आहे. रोजच्या व्यवहारांत हें कुलूप मदरबोर्डावरील टीपीएम चिप आपल्या नकळत उघडून देते. परंतु बोर्ड बदलला कीं चिप बदलते. आणि मग यंत्र मालकालाही परका समजून किल्ली मागतें. सहा सहा आंकड्यांचे आठ गट, अशी ती किल्ली असते. यंत्र प्रथम सुरू करतांना ज्याचें मायक्रोसॉफ्टचें खातें वापरलें असेल, त्याच्या खात्यांत ती जमा झालेली असते. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही नवी करून देतां येत नाहीं.

आमचें यंत्र सुरू केलें होतें पुतण्यानें, आणि घाईंत त्यानें स्वतःचेंच खातें वापरलें होतें. तो २०२१ मध्यें जर्मनीला गेला. २६ तारखेच्या संध्याकाळीं त्याला फोन केला, तेव्हां कळलें कीं तें कॉलेजच्या वेळचें खातें. त्याचा पासवर्ड तो विसरला होता. आणि नवा पासवर्ड घेण्यासाठीं लागणारा संकेतांक त्याच्या जुन्या, पुण्याच्या मोबाईल क्रमांकावरच येणार होता. "काका, तो नंबर तर मी जातांना बंद केला असेल," तो म्हणाला, आणि सुनेचा चेहरा उतरला.

माझी आई त्या वेळीं शहाऐंशी वर्षांची होती. ती देवघरापाशीं दुसऱ्या दिवसाच्या दुर्वा निवडीत बसली होती. तेथूनच म्हणाली, "बंद कशाला करील? तो जातांना सिमकार्ड मला नाहीं कां देऊन गेला? माझ्या डबा फोनांत तेंच तर आहे." आम्ही सर्वजण तिच्याकडे पाहातच राहिलों. जर्मनींत पुतण्यानें बटण दाबलें, आणि देवघरांत आईच्या फोनवर संकेतांक आला. खातें उघडलें, किल्ली सांपडली. तिकडून तो एकेक गट वाचीत होता, इकडे माझी नात तो मोठ्यानें म्हणत होती, आणि सून टंकित करीत होती. आठवा गट पुरा झाला, यंत्र उघडलें, आणि सूनबाईनें टेबलावर डोकें टेकून रडून घेतलें. नंतरच्या चार रात्रीं तिनें कशा काढल्या तें आम्ही पाहिलें आहे. अनंतचतुर्दशीला विसर्जनास ती आली नाहीं. माडीच्या खिडकींतूनच तिनें हात जोडले. ३० तारखेस रात्रीं साडेदहाला अकरावा अहवाल भरला गेला.

आईनें तें सिमकार्ड जपलें नसतें, किंवा त्या क्रमांकाचें रिचार्ज वेळेवर केलें नसतें, तर काय झालें असतें, याचा विचार मी पुष्कळदां करतों. यंत्र आमचें, हिशेब आमचे, आणि किल्ली मात्र कोणा एकाच्या विसरलेल्या खात्यांत! यांत दोष त्या मुलाचा नाहीं. "मुलांना कळतें" म्हणून त्या कामाकडे पाठ फिरविणाऱ्या आम्हां मोठ्यांचा आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरीं तीन नियम झाले आहेत. यंत्र ज्याचें, त्याच्याच खात्यानें तें सुरू करावयाचें. किल्लीचे अठ्ठेचाळीस आंकडे कागदावर छापून, कोणत्या यंत्राची ती लिहून, तो कागद तिजोरींत मृत्युपत्र व विम्याच्या कागदांशेजारीं ठेवावयाचा; लॅपटॉपच्या पिशवींत कदापि नाहीं. आणि दर शनिवारीं दिवेलागणीच्या सुमारास सर्व महत्त्वाच्या कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावयाची. जाणते लोक सांगतात कीं माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि निदान एक घराबाहेर असावी. आमची तिसरी प्रत कुलुपबंद डिस्कवर सुनेच्या माहेरीं असते. दर महिन्यास ती जाते तेव्हां बदलून आणते. माहेरीं जाण्यास हें एक नवें निमित्त झालें, असें घरांतील बायका थट्टेनें म्हणतात.

जुनें यंत्र आतां नातीच्या अभ्यासाला आहे. नवें घेतलें तें सव्वा किलोचें, कचेरीच्या प्रकारचें, सोळा जीबी रॅमचें, सुट्या एसएसडीचें व रुंद यूएसबी तोंडाचें. जुन्यापेक्षां तें थोडें जडच आहे. तें घेतांना दुकानांत आम्ही चौघेजण गेलों होतों, आणि आईनें निघतांना एवढेंच विचारलें होतें, "त्याची किल्ली कोणाकडे राहणार, तें ठरलें ना?" वाचकांनींही आपापल्या घरीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर लगेच आलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशींचें पहिलें काम तेंच समजावें.